तोकीच्या पिंपातला डबा

तुम्ही माझा आवाज वापरलात, आणि आता म्हणता तो वेळेवर पोचला.

तुमचा कागद माझ्यासमोर आहे. "सूचना वेळेत प्रसारित करण्यात आली. संबंधित व्यक्तीने घर न सोडण्याचा वैयक्तिक निर्णय घेतला." खाली गोल लाल शिक्का. संबंधित व्यक्तीला नाव होतं. तामोत्सु. माझा थोरला भाऊ. वय बहात्तर, गुडघ्याने अधू, जिभेने धडधाकट. त्याने घर सोडलं होतं. ते मी पुढे सांगते, आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत ऐकावं लागेल. कारण मी अठ्ठावीस वर्षं तुमचं ऐकलं, आणि नुसतं ऐकलं नाही, मोठ्याने वाचून दाखवलं.

माझं कामच ते. हिनोसावाच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर एक लहान खोली, त्यात माइक. गावात प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात भिंतीला तुम्ही दिलेला एक डबा. आवाज कमी करता येतो, बंद करता येत नाही. वीज गेली तर आतल्या सेलवर चालतो. शिवाय रस्त्यारस्त्यावर खांब, त्यांवर कर्णे. अस्वल कुणाच्या मळ्यात शिरलं, उद्या पाट साफ करायला घरटी एक माणूस यायचाय, कोण वारलं, दर्शन कधी, सगळं मी सांगायचे. आणि रोज संध्याकाळी: "पाच वाजले. मुलांनो, घरी चला." आमच्या गावात एक अख्खी पिढी माझ्या आवाजावर खेळ मोडून घरी गेली आहे.

दादा म्हणायचा, "यासू, तुझं लग्न कसं जमणार? आधीच प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बडबडतेस. बंद न होणारी बायको कुणाला हवी?"

तोकीवहिनी त्याच्या पाठीत रट्टा घालायची. "तुमच्यापेक्षा बरी. निदान पाच वाजता एकदा गप्प तरी बसते."

त्या मार्चात भूकंप झाला, समुद्र आत आला, आणि डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावरची तुमची अणुभट्टी फुटली. आम्ही तिच्यापासून अडतीस किलोमीटर. आम्हाला तिथली वीजसुद्धा मिळत नव्हती, ती राजधानीला जायची. दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्याची माणसं घाटाने वर येऊ लागली. बस भरभरून. अंगावरच्या कपड्यांनिशी. आमच्या हजार वस्तीच्या गावात चार हजार माणसं झाली.

आम्ही काय केलं? आमच्याकडे करतात तेच केलं. शाळेच्या पटांगणात चुली मांडल्या, मोठी पातेली चढवली. प्रत्येक घराने तांदूळ आणला. वहिनीने बर्फाखालचा कांदा आणि मुळा उपसला, तळघरातली अरवी काढली, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो घालून सूप उकळलं. बायकांनी भाताचे गोळे वळून वळून हात लाल करून घेतले. चटका बसला की वहिनी कानाची पाळी धरायची आणि पुन्हा वळायची.

आणि मी वाचत होते. दर दोन तासांनी तुमचा कागद. "किरणोत्सर्गाची सध्याची पातळी शरीरावर लगेच परिणाम करणारी नाही. कृपया शांत राहावे." पंधरा तारखेला सकाळी तो वाचून झाल्यावर मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं. कागदावर नव्हतं. मी म्हणाले, "पटांगणात गरम सूप तयार आहे. मुलांना आधी उभं करा. मुलांना आधी वाढा."

तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा माझ्या त्या एका वाक्याचा मला जास्त राग येतो. पण त्याचा हिशोब माझा आहे, मी तो देतेय. तुमचा तुम्ही द्या.

दुपारी पाऊस आला आणि बघता बघता त्याचा बर्फ झाला. मोठे, ओले, संथ पडणारे कण. माझ्या खिडकीतून समोरचं पटांगण दिसत होतं. मुलं रांगेत सर्वांत पुढे. कुणी जीभ बाहेर काढून बर्फ झेलत होतं. दादाची नात सुमिरे तेव्हा नऊ वर्षांची. डोक्याला लाल टोपी. ती रांगेत नव्हती, ती वाढत होती. दोन्ही हातांत वाडगा धरून, जीभ दातांत पकडून, एकेक पाऊल टाकत.

तेव्हा तुमचा एक माणूस वर माझ्या खोलीत आला. पांढरा पोशाख, तोंडावर मुखवटा. संडास कुठे आहे विचारायला आला होता. मुखवटा काढला तर आत पंचविशीतलं पोर, घामाने निथळलेलं. जाता जाता दारात थांबला.

"बाई, ती खिडकी लावून घ्या. आणि आज शक्यतो बाहेर पडू नका."

मी म्हटलं, "मग हे खाली उभे आहेत त्यांचं काय? सांगू?"

"मी काही बोललो नाही," तो म्हणाला. मुखवटा चढवला आणि निघून गेला.

मी वरच्या कचेरीला फोन लावला. पलीकडून तुम्ही काय बोललात ते अजून पाठ आहे. "लोक घाबरतील. कागदावर आहे तेवढंच वाचा."

मी खिडकी लावली.

काचेतून लाल टोपी दिसत होती. तिने वर पाहिलं आणि मला हात केला. मीही हात केला. मला तिला हाक मारून वर घेता आलं असतं. जिना उतरायला अर्धं मिनिट. का नाही गेले? आमच्याकडे परक्यांची मुलं उघड्यावर उभी असताना आपल्या घरच्या पोरीला तेवढं आडोशाला घ्यायचं, याला तोंडाला काळं फासून घेणं म्हणतात. सगळ्यांना सांगता येत नसेल तर आपल्यालाही सांगायचं नाही. लहानपणापासून हेच शिकलो, आणि मला वाटलं की मी चांगलं वागतेय. सुमिरे अंधार पडेपर्यंत बर्फात वाढत होती.

महिन्याने तुम्हीच आलात. नकाशा उलगडलात. वारा त्या दिवशी आमच्याकडे वळला होता, पाऊस आणि बर्फ नेमका आमच्यावर उतरला होता, किनाऱ्याच्या कित्येक गावांपेक्षा आमच्या मातीत ते किरणोत्सर्गाचं विष जास्त मुरलं होतं. गाव रिकामं करा, म्हणालात. तेही मीच वाचलं.

त्यानंतर सहा वर्षं आम्ही शहराबाहेरच्या पत्र्याच्या खोल्यांत काढली. भिंत इतकी पातळ की शेजारच्याला ढेकर आली तरी कळायची. सुमिरेची आई, मानामी, पहिल्या उन्हाळ्यातच पोरीला घेऊन लांब दक्षिणेला गेली. दादा स्टेशनवर म्हणाला, "सुनबाई, सुट्टीत आणशील ना?" ती म्हणाली, "आणेन हो, मामंजी." तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. दुसऱ्या वर्षी सुमिरेच्या गळ्याची, थायरॉइडची, तपासणी झाली. पाकिटातून कागद आला. एक अक्षर, एक आकडा, आणि "काळजीचे कारण नाही. पुढील तपासणी दोन वर्षांनी." गळ्यात बारीक गाठी होत्या, बऱ्याच मुलांना असतात म्हणे. असतीलही. खरंच असतील. पण ते सांगणारे तुम्ही होतात.

तो कागद दादाने मला वाचायला दिला आणि माझा बांध फुटला. पांढऱ्या पोशाखातला माणूस, खिडकी, फोन, सगळं ओकले.

दादा ओरडला नाही. एवढंच विचारलं, "खिडकी लावलीस?"

"हो."

त्याने किटली घेतली आणि चहा ओतला. एकाच कपात. स्वतःच्या. साठ वर्षांत आमच्यात असं कधी झालं नव्हतं.

वहिनी चौथ्या हिवाळ्यात गेली. छातीत कफ झाला म्हणाले. शेवटच्या दिवसांत तिला एकच घोर. तिचं मुळ्याच्या लोणच्याचं लाकडी पिंप घरी राहिलं होतं, आणि त्यावर ठेवायचा दगड. सासूकडून आलेला, नदीतला, हंड्याएवढा. "माझा दगड कुणी उचलून तर नेला नसेल ना? तसा दगड मिळत नाही हो."

सातव्या वर्षी तुम्ही म्हणालात, गाव सुरक्षित आहे, परत या. परत आलो ते आम्ही म्हातारे. दीडशे माणसं, एकही पोर नाही. दादा आला कारण घराजवळच वहिनीच्या अस्थी ठेवायच्या होत्या. मी आले कारण दादा आला. दगड जागेवर होता. पिंपाच्या फळ्या वाळून फाकल्या होत्या.

तुम्ही प्रत्येक घरात नवा डबा बसवलात. आधी त्यातून मशीनचा आवाज यायचा. म्हाताऱ्यांनी तक्रार केली, ही कोण पोरगी, हिला आमच्या वाड्यांची नावंही धड घेता येत नाहीत. मग तुम्ही माझ्या दारात आलात. "लोकांचा तुमच्या आवाजावर विश्वास आहे, यासुएताई." वाकून म्हणालात.

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "जा की. निदान खोटं तरी ओळखीच्या आवाजात ऐकू."

मी गेले. आणि त्याच संध्याकाळी दादाने डबा भिंतीवरून उपटला, वायरीसकट. वहिनीच्या पिंपात टाकला, झाकण लावलं आणि वर तिचा दगड ठेवला. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तर पिंपाकडे बोट दाखवून म्हणाला, "मुरायला घातलाय. बघू, खरेपणाची चव येते का."

दर रविवारी हाच विनोद. मी विचारायचे, "मुरला का?" तो म्हणायचा, "अजून कच्चा आहे." एवढं बोलणं आमच्यात परत आलं होतं. चहा आता दोन कपांत ओतायचा. पण माझ्या तोंडचं काही खरं मानायचा नाही. मी आत येऊन "दादा, बाहेर गारठा आहे" म्हटलं तर उठून, दार उघडून, हात बाहेर काढून बघायचा. मला दाखवून.

मला त्याचं काही नको होतं. जमीन नको, घर नको. मी एक वाक्य म्हणावं आणि त्याने उठून न तपासता ते खरं धरावं, एवढंच हवं होतं. मरण्याआधी एकदा. माझ्या नाहीतर त्याच्या.

आता पिशव्यांचं.

गाव साफ करायचं म्हणून तुम्ही जमिनीचा वरचा थर खरवडलात आणि काळ्या पिशव्यांत भरून शेतांत रचलात. हजारो. दादाच्या घराच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या खाचरात, दोन हजारांवर. तिथे तो स्वतः रोजावर होता. आपल्याच शेजाऱ्याच्या शेताची कातडी सोलायला. त्यामुळे त्याला माहीत होतं की त्या खाचरातल्या पिशव्यांत माती नाहीच. कापलेलं गवत आहे, पाचोळा आहे, झाडांची साल आहे. त्याने तुम्हाला पत्र लिहिलं. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. "नदी चढली तर या पिशव्या तरंगतील. खाली पूल अरुंद आहे. त्यात अडकल्या तर पाणी वस्तीत वळेल." तुमचं उत्तर आलं: "प्रत्येक पिशवीचे वजन सुमारे एक टन असल्याने त्या हलण्याची शक्यता नाही."

दादा ते उत्तर घडी करून पाकिटात ठेवायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा. "बघा, सरकारी गवत. टनाचं असतं."

ऑक्टोबर महिना. शनिवार. मोठं वादळ येणार हे दोन दिवस आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी पाऊस असा लागला की समोरची शाळा दिसेना. साडेतीनला नदीच्या खुणेवरून फोन आला, पाणी पिवळ्या पट्ट्याच्या वर गेलंय. सूचनेचा कागद टेबलावर तयार होता. "खालच्या वाडीतील सर्वांनी ताबडतोब शाळेच्या सभागृहात जावे." मी माइकपाशी बसले. आमच्या कचेरीच्या शाखाप्रमुखाने कागदावर हात ठेवला.

"थांबा. एक वाक्य यायचंय वरून."

"कसलं?"

"पिशव्यांबद्दल. लोक विचारणार. आपण नुसतं निघा म्हटलं तर पिशव्यांमुळे निघा असं समजतील. घाबरतील. मजकूर मंजूर होऊन येतोय."

मी म्हटलं, "मग निघा एवढं तरी वाचते. ते वाक्य मागाहून वाचू."

"यासुएताई, एकत्रच जाऊ द्या. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

मी जिन्यात जाऊन दादाला फोन केला. तीन चाळीस झाले होते.

"दादा, निघ. नदी चढलीय."

"डब्यातून सांगितलंत?"

"तुझा डबा पिंपात आहे."

"कर्ण्यावरून तरी?"

"अजून नाही."

"मग मला का सांगतेस?"

"बहीण म्हणून सांगतेय. कागद बाजूला ठेव."

तो हसला. खोकला आणि परत हसला. "बहीण. मुलांना आधी वाढा कोण म्हणालं होतं? कागद म्हणाला होता? तेव्हाही बहीणच होतीस की."

 पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता, मी दुसऱ्या कानावर हात दाबला. आवाज खाली आला त्याचा.

"यासू, ऐक. तुला टोचायला बोलत नाही. माझं गणित सरळ आहे. त्या पांढऱ्या कपड्यातल्याने तुला चोरून सांगितलं आणि तू खिडकी लावलीस. चोरून सांगितलेल्याने एकट्याचीच खिडकी लागते. आज मी तुझं चोरून सांगितलेलं ऐकून निघालो, तर ही खालची बाकीची पाच घरं? शिगेबाबा चालू शकत नाही. हारुनोच्या घरात तिची आंधळी आई. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगणारच आहे. दहा मिनिटांत."

"काय सांगणार? पिशव्या एक टनाच्या आहेत? तुझ्या कागदावर काय येणार ते मला इथे बसून दिसतंय. तू एक कर. माइकवर म्हण: पिशव्या तरंगतील, पूल तुंबेल, निघा. एवढं उघड, सगळ्यांच्या कानावर, स्वतःच्या तोंडाने म्हण. त्या क्षणी बूट घालतो. शपथ. तोकीची शपथ."

"दादा, हट्ट करू नकोस."

"तू म्हणालीस की निघालो. न म्हणालीस तर चहा पितो." आणि ठेवला.

मी वर गेले. म्हटलं, वाचते. शाखाप्रमुख म्हणाला, पाच मिनिटं. चारला म्हणाला, वर बैठक चालू आहे. सव्वाचारला वीज गेली, जनरेटर लागला. साडेचारला म्हणाला, शब्द बदलतायत, "सुरक्षित" म्हणायचं की "स्थिर". मी त्याला म्हटलं, "माझा भाऊ आहे तिथे." तो म्हणाला, "माझे आईवडील आहेत खालच्या शेवटच्या घरात." आणि त्याने खरोखर कपाळावर हात मारून घेतला. तरी कागदावरून हात काढला नाही. मी त्या माणसावर रागावू शकत नाही, कारण बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मीही ते दाबलं नाही. एक तास चाळीस मिनिटं मी बसून राहिले. साठी ओलांडलेली बाई, शाळेतल्या पोरीसारखी, परवानगीची वाट बघत.

पाच वाजले. पाचला माझी वेळ असते. मुलांनो, घरी चला. सहा महिन्यांपूर्वी मी ते बंद केलं होतं, मुलंच नाहीत म्हणून.

पाच दहाला तुमचं वाक्य आलं. "साठवण केंद्रातील पिशव्या स्थिर असून त्याबाबत चिंतेचे कारण नाही."

मी कागद घेतला. पहिलं वाक्य वाचलं. दुसऱ्यावर आले आणि कागद उलटा टाकला. म्हणाले, "पिशव्या तरंगतील. पूल तुंबेल. खालच्या वाडीतल्यांनो, निघा. शिगेबाबाला उचलून घ्या. हारुनो, आईला पाठीवर बांध. दादा, मी म्हणाले. तामोत्सुदादा, उघड म्हणाले. निघ. बूट घाल." तीनदा म्हणाले. आमच्या गावात कर्ण्यावरून कुणाचं नाव घेतात ते फक्त तो मेल्यावर. हे माझ्या चौथ्या वेळी लक्षात आलं आणि आवाजच फुटेना.

शाखाप्रमुखाने माझ्याकडे पाहिलं. माइक बंद केला नाही. ते त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

पाच घरांतली माणसं पोचली. डब्यावर ऐकलं म्हणाली, कारण पावसात कर्णे काही ऐकूच येत नव्हते. शिगेबाबाला दाराच्या फळीवर घालून आणला. शाखाप्रमुखाचे आईवडील आले. मी सभागृहाच्या दारात उभी. दादा आला नाही. मला वाटलं, ऐकलंच नसणार. डबा पिंपात, दाराच्या फळ्या बंद, बाहेर हा पाऊस. मीच म्हटलं होतं ना, तुझा डबा पिंपात आहे.

सकाळी पाणी उतरलं. पुलाच्या कमानीत काळ्या पिशव्या अडकल्या होत्या, एकावर एक, फुगलेल्या. नदी तिथून वळून वाडीत शिरली होती. दादा घरापासून तीस पावलांवर मिळाला, बोळाच्या कुंपणाशी. पायात बूट. दोन्ही. पाठीला कापडाची गाठोडी घट्ट बांधलेली, त्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून वहिनीचा फोटो. डोक्यावर टोपी, हातात काठी. त्याच्या हातात टॉर्च नव्हता. अंधार पडत असताना, गुडघाभर पाण्यात, अधू पायाने निघालेल्या माणसाच्या हातात टॉर्च का नव्हता?

मी घरात गेले. स्वयंपाकघरात चिखल. वहिनीचा दगड पिंपाखाली जमिनीवर. झाकण भिंतीला टेकवून नीट उभं ठेवलेलं. डबा वरच्या फळीवर होता, पाणी पोचलं नव्हतं तिथे. तोडलेली वायर तशीच लोंबत होती, पण आवाजाची चकती शेवटपर्यंत फिरवलेली. शेजारी टॉर्च, मागचं झाकण काढलेला. आत रिकामा.

मी डब्याचं मागचं झाकण उघडलं. टॉर्चचे सेल त्यात होते.

फळीसमोर त्याचं लाकडी स्टूल होतं. फळीवर कप होता. माझ्याशी फोनवर बोलून झाल्यावर त्याने तो दगड उचलला, गुडघ्याची पर्वा न करता. डबा काढला, टॉर्चचा जीव काढून डब्यात घातला आणि समोर बसला. मी काय म्हणते ते ऐकायला. तो जवळजवळ दीड तास बसला होता. मीही बसले होते. मधे तुमचं एक वाक्य होतं.

आणि मी म्हणाले तेव्हा त्याने दार उघडून हात बाहेर काढून तपासलं नाही. बूट घातले. मला हवं होतं ते मला मिळालं, हे तुम्हाला कळतंय का? इतक्या वर्षांनी माझ्या भावाने माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला आणि त्यातच तो गेला, कारण ते वाक्य तुम्ही धरून ठेवलं होतं.

सुमिरे आली होती त्याला निरोप द्यायला. सतरा वर्षांची, उंच, गळ्याला रुमाल. गावात आठ वर्षांत पहिल्यांदा पाऊल टाकलं तिने. मानामी गाडीतच बसून राहिली, काचा वर करून. मला तिचं काही वाटलं नाही.

दादाच्या स्वयंपाकघरात सुमिरे माझ्याजवळ येऊन बसली. "यासूआजी, एक विचारू? त्या दिवशी बर्फात मी तुला हात केला होता. तू खिडकीत होतीस. आठवतं?"

"आठवतं."

"तुला तेव्हा माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो."

तिने गळ्याचा रुमाल सारखा केला. मग पिंपाकडे बघून म्हणाली, "आजोबा फोनवर म्हणायचे, तुझी यासूआजी एक दिवस उघड बोलेल बघ. मी म्हणायचे, कशावरून? ते म्हणायचे, माझ्याच घरची आहे म्हणून." मग उठली. जाताना दगड उचलून पिंपावर ठेवायला गेली, तिला उचलेना. आम्ही दोघींनी मिळून उचलला.

तुम्ही मला कामावरून काढलंत. अनधिकृत मजकूर वाचल्याबद्दल. ठीक आहे. पिशव्यांबद्दल तुमचा खुलासा छापून आला, पर्यावरणावर परिणाम आढळला नाही. खाली वाहून गेलेल्या पिशव्या रिकाम्या सापडल्या, आतलं गवत कुठे गेलं ते नदीला विचारा. आणि दादाबद्दल हा कागद. वैयक्तिक निर्णय.

माझ्या स्वयंपाकघरात आता दोन डबे आहेत. माझा आणि त्याचा. दोन्हींच्या चकत्या शेवटपर्यंत फिरवलेल्या. रोज पाचला मी समोर स्टूल घेऊन बसते. पुन्हा मशीनची पोरगी बोलू लागलीय, वाड्यांची नावं अजून चुकते.

मला शोकपत्र नको. शिक्का नको. वाकलेली मान तर अजिबात नको, मी खूप पाहिल्या. मला एवढंच सांगा. तीन तीसपासून पाच दहापर्यंत तुम्ही कशाची वाट पाहत होतात? कोण घाबरणार होतं? खालच्या सहा घरांतलं कोण? नाव घ्या. आणि त्या मार्चात, पटांगणात बर्फ झेलणाऱ्या पोरांतलं कोण घाबरणार होतं? त्याचंही नाव घ्या.

उत्तर डब्यातून द्या, सगळ्यांना ऐकू येईल असं. आधी तुमचं नाव सांगा. आणि या वेळी माझ्या तोंडाने नको. तुमच्या.

मी बसलेय. बोला.